सूक्तीचे बळ कोठे असते? ड्रुइडांची त्रिके आणि शरणांची वचने



मनुष्य फार ऐकतो आणि थोडे स्मरणात ठेवतो. म्हणूनच जगातील प्रत्येक लोकसमूहाने आपला अनुभव लहान लहान वाक्यांत बांधून ठेवला आहे. मराठीत म्हणी आहेत, संस्कृतात सुभाषिते आहेत, कन्नडात शरणांची वचने आहेत. हे धन आकाराने लहान आणि मोलाने मोठे आहे. परंतु ते तिजोरीत ठेवण्याचे धन नव्हे, रोजच्या व्यवहारात खर्च करण्याचे आहे. ते जितके खर्चावे तितके वाढते आणि नुसते जपून ठेवले तर मातीमोल होते. या महिन्याच्या पाठात याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते सुरतेच्या एका तरुण भक्ताने विचारलेल्या प्रश्नाचे. हा तरुण यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. युरोपातील केल्ट लोकांची काही सूक्तिवचने त्याच्या वाचनात आली. त्या लोकांतील ड्रुइड नावाच्या ज्ञानी पुरुषांचा आचारधर्म या वचनांतून समजतो, असे तेथे म्हटले होते. त्याने विचारले, "महाराज, त्यांच्या वचनांतही आपल्यासारखाच उपदेश दिसतो. मग आपल्या वचनांचे वेगळेपण कशात? आणि नुसती वचने वाचून कोणाला आचार कळतो का?"

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. आपल्याकडे म्हण आहे, पळसाला पाने तीनच. कोणत्याही मुलखात जा, पळस तोच आणि पाने तीच. माणसाच्या नीतीचेही बरेचसे तसेच आहे. म्हणून परक्यांचे चांगले वचन ऐकताना लिंगवंताने कान झाकून घेण्याचे कारण नाही. मात्र ऐकल्यावर विवेक करावयास हवा.

ड्रुइड कोण होते?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्स, ब्रिटन व आयर्लंड या प्रदेशांत केल्ट लोकांची वस्ती होती. त्यांच्यातील पुरोहित, न्याय देणारे आणि शिष्यांना शिकविणारे जे पुरुष, त्यांना ड्रुइड म्हणत. रोमचा सेनापती ज्यूलियस सीझर याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात गॉल प्रदेश जिंकला. त्या युद्धाच्या वृत्तान्तात त्याने ड्रुइडांची माहिती दिली आहे. तो सांगतो की काही शिष्य वीस वीस वर्षे गुरूंजवळ राहून विद्या पाठ करीत. इतर व्यवहारासाठी त्यांना लिपी येत होती, पण आपली विद्या लिहून ठेवणे ते योग्य मानीत नसत. त्याची दोन कारणे सीझरला दिसली. विद्या वाटेल त्याच्या हाती पडू नये हे एक, आणि लिहिलेल्यावर विसंबून शिष्याची स्मरणशक्ती मंदावू नये हे दुसरे. ज्याने वेदपाठशाळा पाहिली आहे त्याला हे परके वाटणार नाही. गुरुमुखातून घ्यावे आणि कंठात ठेवावे, ही आपलीही जुनी रीत आहे.

परंतु पुढे काय झाले पाहा. रोमची सत्ता पसरली. इसवी सन ६० च्या सुमारास रोमन सैन्याने ब्रिटनच्या पश्चिमेकडील मोना बेटावर चालून जाऊन ड्रुइडांच्या पवित्र राया तोडल्या. हळूहळू गुरू गेले, शिष्य गेले, परंपरा तुटली. ग्रंथ नव्हताच. आज कोणत्याही ड्रुइडाने स्वतः लिहिलेले एकही पान जगात नाही.

मग त्यांचा आचारधर्म आपल्याला कळतो कोठून? तिसऱ्या शतकातील ग्रीक ग्रंथकार डायोजेनीस लाएर्शियस याने तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिली. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी एक छोटासा उल्लेख आहे. ड्रुइड आणि भारतातील नग्न मुनी हे कूटवचनांतून आपले तत्त्वज्ञान सांगतात, असे तो म्हणतो, आणि त्या उपदेशाचे सार तीन गोष्टींत देतो. देवांचा आदर करणे, वाईट कृत्य न करणे आणि शौर्य अंगी बाणविणे. विशेष हे की दूरच्या ग्रीक लेखकाने ड्रुइडांचे आणि आपल्या देशातील मुनींचे नाव एका दमात घेतले. वीस वीस वर्षांच्या पाठांतरातून एवढी तीन वाक्ये उरली, तीही दुसऱ्याच्या वहीत.

यानंतर आयर्लंडातील त्रिके येतात. तीन तीन गोष्टी एकत्र गुंफून सांगितलेल्या सूक्तींचा एक संग्रह तेथे नवव्या शतकाच्या सुमारास झाला. कूनो मायर या जर्मन पंडिताने १९०६ साली तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यात अडीचशेच्या वर सूक्ती आहेत. एका त्रिकात जगाचा भार पेलणाऱ्या तीन बारीक गोष्टी मोजल्या आहेत. गाईच्या आचळातून भांड्यात पडणारी दुधाची धार, शेतातले कोवळे पाते आणि कुशल स्त्रीच्या हातावरून जाणारा धागा, या त्या तीन गोष्टी. ज्या सुरतेत लाखो माणसांचे पोट धाग्यावर चालते, तेथल्या भक्ताला हे वचन समजावून सांगण्याची गरज नाही. बारीक धागा तुटला की माग थांबतो, आणि माग थांबला की चूल थांबते.

मात्र येथे विवेक हवा. ही त्रिके ज्या काळी लिहिली गेली तेव्हा आयर्लंड ख्रिस्ती होऊन कित्येक शतके लोटली होती. त्यांत जुन्या लोकांचे शहाणपण उतरले असेल, पण ती ड्रुइडांचीच वाणी आहे असे म्हणता येत नाही. तीनची मोजणी हीही एकट्या केल्टांची मिरास नव्हे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला नीती सांगतो तेव्हा तोही एकाची गोष्ट, दोनाची गोष्ट, तिनाची गोष्ट अशी मोजूनच सांगतो. आणि आपल्या परंपरेत तर तनू गुरूला, मन लिंगाला, धन जंगमाला अर्पावे, हा त्रिविध दासोह लहान मुलालाही ठाऊक असतो. बोटांवर मोजलेले मनातून निसटत नाही, एवढेच त्याचे कारण.

तीन गोष्टी आणि पाच आचार

आता ड्रुइडांच्या त्या तीन गोष्टी आपल्या पंचाचाराशेजारी ठेवून पाहू. लिंगाचार, सदाचार, शिवाचार, भृत्याचार आणि गणाचार हे आपले पाच आचार होत.

देवांचा आदर करणे ही पहिली गोष्ट लिंगाचाराच्या जवळ येते. फरक इतकाच की लिंगवंताचा देव अनेक नाही आणि दूरही नाही. तो करस्थलावर आहे. वाईट कृत्य न करणे ही दुसरी गोष्ट म्हणजे सदाचाराचा अर्धा भाग. अर्धा अशासाठी की सदाचार केवळ "करू नका" म्हणून थांबत नाही. प्रामाणिक कायक करून मिळवावे आणि त्यातून दासोह करावा, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. शौर्य ही तिसरी गोष्ट गणाचाराशी जुळते. धर्मावर आणि शरणगणांवर अन्याय होत असता खाली मान घालून न बसणे हा गणाचार. कल्याणनगरीत हरळय्या आणि मधुवरस यांनी जातीची भिंत ओलांडून सोयरिक केली आणि त्याबद्दल प्राणांची किंमत मोजली. शौर्य म्हणजे तलवारच असे नाही, हे आपल्याला त्यांच्यापासून शिकावयाचे आहे.

तीन आचार जुळले. उरले शिवाचार आणि भृत्याचार. शिवभक्तांत उच्चनीच न मानता सर्वांशी समभावाने वागणे हा शिवाचार. भक्तांपुढे आपण सेवक आहोत या भावाने नम्र राहणे हा भृत्याचार. ड्रुइडांच्या त्या त्रिसूत्रीत या दोहोंना जागा दिसत नाही. ड्रुइड हा मानाचा वर्ग होता. ते युद्धावर जात नसत, कर देत नसत, असे सीझरच सांगतो. शरणांत मात्र महादेवीअक्कांपासून धोबी मडिवाळ माचय्यापर्यंत सर्वांची वाणी एका मापाने मोजली गेली. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंसमोर बसताना कोणाचे कायक कोणते, यावरून आसन ठरत नव्हते. तरुण भक्ताच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. चांगले वागावे हे सर्वांनी सांगितले. दोरी वळणाऱ्या नुलिय चंदय्याचे सांगणेही तितक्याच आदराने लिहून ठेवावे, हे शरणांनी केले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ड्रुइड नरबळी देत, असेही सीझरने लिहिले आहे. तो जिंकणारा होता, म्हणून त्याची साक्ष जपूनच घ्यावी. परंतु त्यात तथ्य असेल तर "वाईट करू नये" असे शिकविणारे आणि नरबळी देणारे एकच होते असे होईल. हा दोष दाखवून आपण मोठे होत नाही. अहिंसेची वाक्ये पाठ असणाऱ्या आपल्या देशातही माणसाने माणसाला शिवू दिले नाही. तात्पर्य, चांगले वचन जवळ असणे म्हणजे चांगला आचार असणे नव्हे.

वचनाचा खरेपणा

मार्गदर्शक म्हणून वचन स्वीकारावयाचे तर ते कोणाचे आहे हे आधी पाहावे लागते. वेल्स प्रदेशात एडवर्ड विल्यम्स नावाचा एक पाथरवट होऊन गेला. त्याचा काळ १७४७ ते १८२६. इओलो मॉर्गनुग या नावाने तो प्रसिद्ध आहे. तो बुद्धिमान होता, जुन्या हस्तलिखितांचा त्याला नाद होता. पण जे जुन्यात सापडले नाही ते त्याने स्वतः रचले आणि प्राचीन ड्रुइडांच्या नावावर घातले. त्याची त्रिके एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या संग्रहात छापली गेली आणि पिढ्यानपिढ्या लोक ती खरी मानून चालले. विसाव्या शतकात विद्वानांनी तपासणी केली तेव्हा हे उघड झाले. आज ड्रुइड मार्गाचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांपुढे हा मोठाच पेच आहे. जुने कोणते आणि नवे कोणते हे निवडावे लागते, आणि विचारावयास गुरुपरंपरा नाही.

आपली स्थिती अशी नाही, ही शिवकृपा. कल्याणच्या उत्पातानंतर शरणांनी ताडपत्रांची ओझी वाहून वचने जपली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी (१८८० ते १९६४) यांनी गावोगाव फिरून ती ताडपत्रे गोळा केली. १९२३ साली त्यांचा "वचनशास्त्रसार" प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, १९२६ पासून "शिवानुभव" नियतकालिक चालविले आणि या कामात आपली मिळकत घातली. नंतर कर्नाटक शासनाने समग्र वचनांचे पंधरा खंड काढले. त्या कामी संपादक म्हणून झटलेले डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी हत्या झाली. वचने आपल्यापर्यंत फुकट आलेली नाहीत.

आणि आपण काय करतो? सकाळी फोनवर कोणीतरी महात्मा बसवेश्वरांचे चित्र पाठवितो, खाली एक गोड वाक्य असते, आपण ते दहा जणांना पाठवितो. ते बसवण्णांचे आहे का, हे कोणी पाहत नाही. वचनाच्या शेवटी मुद्रिका असते. ती केवळ शोभेसाठी नाही. बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव येतो, अक्कांच्या वचनात चन्नमल्लिकार्जुन येतो. मुद्रिका ही वचनाची सही आहे. दुकानदार सही नसलेली हुंडी घेत नाही. मग सही नसलेले वचन आपण डोळे मिटून का घ्यावे? एखादे वाक्य चांगले असेल तर ते चांगले म्हणूनच सांगावे, शरणांच्या नावावर खपवू नये. तेही असत्यच आहे. बसवण्णांनी चोरी, हिंसा, असत्य, क्रोध, दुसऱ्याची घृणा, आत्मस्तुती आणि परनिंदा हे सात दोष वर्ज्य सांगितले. त्यांच्या नावाने असत्य पसरविणे हा त्या सातांतील एकाचा भंग होय.

वचनाची कसोटी कायकात

आता दुसरा प्रश्न. वचन वाचून आचार कळतो का? कळतो, पण अंगी येत नाही. अंगी येतो तो कायकात.

आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांची कथा आपण ऐकली आहे. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यातून दोघे जंगमदासोह करीत. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि विचारले की ही जास्तीची ओंजळ कोणाच्या मनाने आली? लोभ राजांच्या घरी असावा, आपल्या घरी त्याचे काम नाही, अशा आशयाचे बोलून त्यांनी ते तांदूळ परत नेऊन टाकावयास लावले. येथे उपदेश कोणी केला? व्यासपीठावरच्या स्वामींनी नव्हे. चुलीपाशी उभ्या असलेल्या गृहिणीने केला. आणि कधी केला? तांदूळ पदरात असताना. वचन उच्चारण्याची खरी वेळ तीच असते.

सुरतेतील भक्तांनी ही ओंजळ आपल्या व्यवहारात शोधावी. ताक्यावर लिहिलेले मीटर आणि ताक्यातले मीटर एक आहेत का? कारागिराची मजुरी ठरल्या दिवशी मिळते का, की आपली उधारी वसूल होईपर्यंत त्याने थांबावे असे आपण गृहीत धरतो? कारागिरानेही पाहावे की मालकाची नजर नसताना तुटलेला धागा आपण जोडतो, की तसाच सोडून देतो? हिशेबनिसाने पाहावे की वही एकच आहे ना. जेडर दासिमय्या विणकर होते. त्यांच्या मागावर लिंगपूजा आणि विणकाम ही दोन कामे नव्हती. ताणा आणि बाणा मिळूनच कापड होते. वचन हा ताणा आणि कायक हा बाणा. नुसता ताणा लावून ठेवला तर अंग झाकत नाही.

सुरत शहरानेच याचा एक दाखला दिला आहे. १९९४ च्या सप्टेंबरात येथे प्लेगची साथ आली. लाखो माणसे भीतीने शहर सोडून गेली. स्वच्छतेची वचने काय तेव्हा कोणाला पाठ नव्हती? शाळेच्या भिंतीवर ती होती, कीर्तनात होती. पण कचरा गल्लीत होता. पुढे १९९५ साली आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव आणि महापालिकेचे हजारो सफाई कामगार रोज रस्त्यावर उतरले. काही वर्षांतच शहराचे रूप पालटले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला देशात पहिला क्रमांक मिळाला. भिंतीवरचे वाक्य तेच होते. बदलले ते एवढेच की हातात झाडू आला आणि तो रोज आला. ज्यांनी झाडू धरला त्यांच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हा मात्र शिवाचाराचा प्रश्न आहे आणि तो प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.

संगाशिवाय वचन टिकत नाही

ड्रुइडांची विद्या लिहिली नव्हती म्हणून बुडाली असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. ती बोलणारी आणि त्याप्रमाणे वागणारी माणसे एकत्र राहिली नाहीत म्हणूनही ती बुडाली. लिहिलेले वचन ग्रंथात सुरक्षित राहते. जिवंत राहते ते संगात. आपले चुकले तर "हे शोभत नाही" असे सांगणारा कोणी जवळ असावा लागतो. मारय्यांना लक्कम्मा होत्या.

सुरतेतील आपल्या घरांपुढे हा प्रश्न उभा आहे. खानदेशातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून कुटुंबे येथे पोटासाठी आली. आजोबांच्या तोंडी मन्मथस्वामींचे "परमरहस्य" होते. नातू गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातो. मूळ कन्नड वचन तर दूरच, त्याचे मराठी भाषांतरही त्याला अडखळत वाचावे लागते. यात मुलांचा दोष नाही. गुजराती ही त्यांच्या कर्मभूमीची भाषा आहे, ती त्यांनी उत्तम शिकावी. पण घरात संध्याकाळी लिंगपूजेनंतर एक वचन मोठ्याने वाचले जावे आणि त्याचा अर्थ मुलाच्या भाषेत सांगितला जावा. शरणांनी संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत सांगितले. नातवाच्या भाषेत सांगावयास आजोबांनी का संकोचावे? हे झाले नाही तर दोन पिढ्यांनंतर आपल्याही वचनांची तीन वाक्ये उरतील, आणि तीही दुसऱ्याच्या वहीत.

स्वाध्याय

या महिन्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात, म्हणजे हा पाठ पूर्ण झाला असे आम्ही समजू.

पहिली. मुद्रिकेसह एक वचन निवडावे, ते ग्रंथात पाहून खात्री करून घ्यावी आणि घरातील सर्वांनी पाठ करावे. महिनाभर तेच ठेवावे, दुसरे घेऊ नये.

दुसरी. त्या वचनाचा आपल्या कायकाशी कोठे संबंध येतो, ते एका ओळीत लिहावे. दुकानदाराने दुकानाचे लिहावे, कारागिराने मागाचे, गृहिणीने घराचे, विद्यार्थ्याने अभ्यासाचे. जेथे संबंध टोचतो, तीच आपली जास्तीची ओंजळ समजावी आणि ती परत करावी.

तिसरी. सोमवारी शेजारच्या दोन घरांनी एकत्र बसावे. कोणी कोणाला उपदेश करू नये. आपण काय परत केले, किंवा काय परत करवले नाही, एवढेच सांगावे आणि ऐकावे.

परक्यांच्या चांगल्या वचनांचा आदर करावा, आपल्या वचनांचा अभिमान धरावा, आणि दोहोंपेक्षा अधिक काळजी आपल्या वागण्याची घ्यावी. सर्वांच्या घरी कायक शुद्ध राहो आणि दासोह अखंड चालो, अशी गुरु-लिंग-जंगमचरणी प्रार्थना करून हा पाठ संपवितो.

शरणु शरणार्थी.